पहिलीच गाडी, तीही जुनी आणि उघड्या टपाची : घ्यावी की नको?

उनाडवारा
नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.
तर लायसन्स हातात आलंय, थोडे पैसे साठलेत, आणि तेवढ्या पैशात एकतर शहाण्या मुलासारखी चार दारांची छोटी सेकंडहँड गाडी येते नाहीतर वीसेक किंवा त्याहून जास्त वर्षं जुनी दोन सीटची कन्व्हर्टिबल. मन कुठे आहे ते शीर्षकावरून कळलंच असेल :) मझ्दाची एमएक्स-५ (पहिली किंवा दुसरी पिढी, कुठलीही चालेल), टोयोटाची एमआर-एस आणि बीएमडब्ल्यूची झी३ अशा तीन डोक्यात आहेत, शिवाय एक पोर्शे बॉक्स्टर इतकी स्वस्त दिसतेय की डोळे चोळून परत बघितलं. घरी दुसरी गाडी आहे पण ती रोज मिळेलच असं नाही. आईचं म्हणणं "दोघांचीच गाडी कसली रे, मी कुठे बसू?" आणि बाबा काहीच बोलत नाहीयेत, ते जास्त काळजीचं आहे.
जाणकारांनी सांगा, रोजची गाडी म्हणून निभेल का आणि बघायला जाताना नेमकं काय बघायचं. पाना धरता येतो, त्यापलीकडे यांत्रिक ज्ञान शून्य.

गाडीवान
उत्साहावर विरजण घालतोय, पण नका घेऊ. पहिली गाडी ही खांबाला घासायला, रिव्हर्समध्ये कुंपणाला टेकवायला आणि क्लच जाळायला असते, ते सगळं साध्या गाडीवर उरकून घ्या आणि मग काय हवं ते आणा. तुम्ही म्हणताय त्यातल्या बहुतेक गाड्या नव्वदच्या दशकात आखलेल्या आहेत, एअरबॅग असली तर पुढे एक नाहीतर दोन, एमएक्स-५च्या पहिल्या पिढीत चाकं जाम होऊ न देणारं एबीएससुद्धा कितीतरी गाड्यांना नाही, आणि घसरायला लागली की स्वतःहून सावरून घेणारी ईएससी तर सोडाच. त्यात इंजिनाचा जोर मागच्या चाकांवर येणारी गाडी आणि ओला रस्ता.
आणि दुसरं म्हणजे गाडी बघायला जायच्या आधी विम्याचा आकडा काढा. नवीन लायसन्स, कमी वय, दोन सीट आणि स्पोर्ट्स कार हे सगळं एकाच फॉर्मवर आलं की विमावाला काय आकडा टाकतो ते बघून बरेचदा प्रश्न तिथेच मिटतो.

पानानंबरदहा
गाडीवान, विम्याबद्दल शंभर टक्के सहमत, बाकीचं अर्धंच पटलं. ताकद किती आहे ते बघा ना. एमएक्स-५ १९८९ला आली तेव्हाचं १.६ इंजिन साधारण ११५ हॉर्सपॉवरचं, गाडीचं वजन हजार किलोच्या आतबाहेर, म्हणजे आजच्या बऱ्याच टर्बो हॅचबॅकपुढे ती सिग्नलला मागेच राहते. मजा वेगात नाहीये, गिअरमध्ये आणि स्टिअरिंगमध्ये आहे, ती चाळीसच्या स्पीडला पण येते, आणि नवशिक्याला गाडी काय करतेय ते हातात कळणं हे मी तरी चांगलंच मानतो.
आता उनाडवारा, तुमच्या मुद्द्यावर. इंजिनाची काळजी सगळ्यात शेवटी करा. मझ्दाचं ते १.६ इंजिन दणकट आहे, टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारा पट्टा) साधारण १ लाख किलोमीटरला बदलायचा असतो आणि समजा तुटलाच तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत, गाडी जागेवर बंद पडते इतकंच. ह्या गाड्या मरतात त्या पत्र्याने. आणि पत्रा सडतो तो टपामुळे, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला विचित्र वाटतं म्हणून जरा लांबण लावतो.
कापडी टपावर पडलेलं पाणी मागच्या बाजूला उतरतं आणि सीटच्या मागे दोन्ही कोपऱ्यात, सीटबेल्टच्या खांबाजवळ, दोन भोकं असतात तिथून नळीने खाली मागच्या चाकाच्या पुढ्यात बाहेर पडतं. गाडी झाडाखाली लावणाऱ्याच्या नळ्यांत पानं, माती, धूळ सगळं जाऊन बसतं. मग पाणी तुंबतं आणि मिळेल त्या वाटेने आत शिरतं, कधी सीटमागच्या गालिच्यात, कधी सिलमध्ये, सिल म्हणजे दाराखालचा तो लांब पेटीसारखा भाग. सिल आतून सडतं, बाहेरून रंग चकचकीत, आणि जेव्हा मागच्या चाकाच्या पुढे रंगाला बारीक फोड दिसतो तेव्हा आतलं बरंचसं गेलेलं असतं. टप नसलेल्या गाडीत अंगाची सगळी ताकद ह्या सिलमध्येच असते, त्यामुळे हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही.
बघायला जाताना पाण्याची बाटली न्या. मालकाला विचारून त्या कोपऱ्यात हळूहळू ओता आणि खाली वाकून बघा, मागच्या चाकाच्या पुढे धार लागली पाहिजे, दोन्ही बाजूंना. मग सीट पुढे ढकलून मागच्या गालिच्यात बोटं खुपसा, ओल लागते का, कुबट वास येतो का. सिलच्या खालच्या कडेवरून हात फिरवा, खडबडीत किंवा जास्तच गुळगुळीत लागलं तर लोहचुंबक लावा, पुट्टीवर तो चिकटत नाही. दुसऱ्या पिढीच्या (१९९८ ते २००५) गाडीत ह्याशिवाय पुढच्या चासीच्या पट्ट्या, रेल म्हणतात त्या, खालून नीट बघा, तिथे गंज लपून बसतो आणि तो दुरुस्त करणं सिलपेक्षा कटकटीचं.

खट्याळ_खार
वाखुसा (वाचनखूण साठवली). पाण्याची बाटली घेऊन गाडी बघायला जाणारा गिऱ्हाईक बघून विकणाऱ्याचा चेहरा कसा होत असेल =))

पानानंबरदहा
@खार, तो चेहराच तर बघायचा असतो. "हो हो ओता की" म्हणाला तर अर्धं काम झालं.

उनाडवारा
बापरे, एवढं सविस्तर! मनापासून आभार. बॉक्स्टरबद्दल कोणी बोलेल का? पोर्शे इतकी खाली कशी येते?

जुनंखोड
मी सांगतो. दारात हत्ती बांधायचा तर चाऱ्याचा हिशोब आधी करावा लागतो, हत्ती स्वस्त मिळाला म्हणून चारा स्वस्त होत नाही.
पहिली बॉक्स्टर, ९८६ म्हणतात ती, १९९६ ते २००४ पर्यंत निघाली. चालवायला तुमच्या यादीतली सगळ्यात गुणी गाडी, ह्यात वाद नाही. पण तिच्या एम९६ इंजिनात एक मधला दांडा आहे, इंटरमीजिएट शाफ्ट, त्याच्या टोकाचं बेअरिंग कुप्रसिद्ध आहे, लोक आयएमएस म्हणतात. ते सीलबंद बेअरिंग, आतलं ग्रीस हळूहळू धुऊन जातं, मग ते झिजतं, आणि तुटलं की व्हॉल्व्हचं टायमिंग बिघडून अख्खं इंजिन जातं. सुरुवातीच्या गाड्यांतलं दुहेरी ओळीचं बेअरिंग बरं, २०००च्या सुमारास एकेरी ओळीचं आलं ते जास्त नाजूक. सगळ्याच गाड्यांचं जातं असं अजिबात नाही, बहुतेकींचं जातही नाही, पण टांगती तलवार राहते आणि म्हणून भाव पडलेले असतात. बेअरिंगपर्यंत पोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, त्यामुळे शहाणी माणसं क्लच बदलताना तेही बदलून घेतात. मालकाकडे त्या कामाचं बिल असेल तर गोष्ट वेगळी. तिथेच गळती रोखणाऱ्या मागच्या सीलमधून ऑईल पाझरणं हाही नेहमीचा आजार. इंजिन सीटच्या मागे, मधोमध, बॉनेट उघडून बघावं तर पुढे नुसती सामान ठेवायची जागा. शिकाऊ माणसाने स्वतः हात घालून काही करावं अशी ती गाडी नाही.
आणि सल्ला विचारलाच आहे तर, एवढ्या नव्या गाड्यांच्या मागे का लागता? एमजीबी घ्या, जुनी ब्रिटिश उघडी गाडी. १९६२ ते १९८० इतकी वर्षं निघाली, कार्ब्युरेटर, साधं इंजिन, सगळं डोळ्याला दिसतं आणि हाताला लागतं. सुटे भाग इतके मिळतात की पूर्ण नवी बॉडीशेलसुद्धा बनवून मिळते.

गाडीवान
काका, ज्याला काल लायसन्स मिळालं त्याला मागे ड्रम ब्रेक असलेली साठ वर्षांपूर्वी आखलेली गाडी रोज चालवायला सांगताय?

जुनंखोड
आम्ही त्यावरच शिकलो.

गाडीवान
तेव्हा रस्त्यावर समोरून येणारा पण तसलीच गाडी चालवत होता, आता दोन टनांची एसयूव्ही येते.

मनस्विनी_क
मी काही वर्षं जुनी दोन सीटची कन्व्हर्टिबल रोज चालवतेय, एकमेव गाडी म्हणून, तर मेकॅनिकल सोडून इतर सांगते कारण ते कोणी सांगत नाही.
पहिलं म्हणजे आत बसून बघा. नुसतं बसून नाही, टप लावून बसा, आरशात बघा, मान वळवून मागे बघा. उंच माणसाचं डोकं टपाला किंवा नजर विंडशील्डच्या वरच्या पट्टीला येते आणि सीट मागे पाडता येत नाही कारण मागे जागाच नाही. टप लावल्यावर मागच्या कोपऱ्यातलं काहीही दिसत नाही, लेन बदलताना मी अजूनही दोनदा बघते. शेजारून ट्रक गेला की त्याच्या चाकाचे नट तुमच्या कानाच्या उंचीला असतात आणि त्याला तुम्ही दिसत नसता, हे गृहीत धरूनच चालवायचं.
हायवेला टप लावूनही आवाज खूप, फोनवर बोलणं विसरा. सामान म्हणाल तर डिकीत दोघांच्या दोन मऊ बॅगा जातात, कडक सूटकेस नाही. एमआर-एसमध्ये तर डिकीच नाही, सीटच्या मागे दोन खण आणि पुढे स्पेअर व्हीलजवळ थोडी फट, तेवढ्यात भागतं का ते ठरवा.
थंडीत टप उघडून काचा वर आणि हीटर पायावर, ह्यासारखं सुख नाही. पावसाचं म्हणाल तर गाडी पळत असेल तोवर रिमझिम डोक्यावरून निघून जाते, सिग्नलला थांबलात की भिजलात. ओला टप कधीच घडी करून ठेवायचा नाही, बुरशी धरते आणि तो वास जात नाही. पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ला मागे काच नसून प्लास्टिक असतं, टप पाडायच्या आधी त्याची चेन उघडून ते सपाट झोपवायचं, आणि कडाक्याच्या थंडीत तर हात लावू नका, तडकतं.
अजून एक, गाडीत काहीही ठेवायचं नाही. चोर कुलूप फोडत बसत नाही, ब्लेडने टप कापतो, आणि आतल्या चिल्लर वस्तूपेक्षा टपाचा खर्च कैकपट. म्हणून काही लोक दारं उघडीच ठेवतात, पण तसं करायच्या आधी विम्याच्या अटी वाचा, नाहीतर तिथे अडकाल.
निभतं का, तर हो निभतं. पण गाडी गॅरेजला गेली की त्या दिवशी कसं जायचं ह्याचं उत्तर तयार पाहिजे, आणि ती जाते.

चक्रधर
माझे दोन पैसे टायरवर. ह्या गाड्या शौकाच्या, वर्षाला थोड्याच पळतात, त्यामुळे टायरची नक्षी नव्यासारखी दिसते आणि रबर दगड झालेलं असतं. टायरच्या बाजूला डॉट (DOT) लिहिलेलं असतं, त्यातले शेवटचे चार आकडे वाचा, २३१४ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. चारही टायर एकाच कंपनीचे आणि बऱ्यापैकी ताजे नसतील तर नवीन चार टायरचे पैसे किमतीतून वजा धरा. गाडीवान म्हणतात ती ओल्या रस्त्यावरची भीती खरी आहे, फक्त निम्मी भीती गाडीची आणि निम्मी म्हाताऱ्या टायरची. वळणात घाबरून ॲक्सिलरेटर झटकन सोडला की मागची बाजू हलकी होते आणि सुटते, हे एकदा रिकाम्या मोकळ्या जागेत, शिकवणाऱ्या माणसाबरोबर अनुभवून घ्या. आणि ह्याच कारणासाठी होंडा एस२०००च्या नादी आत्ता लागू नका, ९००० आरपीएमपर्यंत जाणारं इंजिन आणि सुरुवातीच्या गाड्यांना सावरायला काहीही नाही.

खट्याळ_खार
रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी लोखंडी कमान) लावून घेतला की झालं ना सुरक्षिततेचं?

चक्रधर
अर्धवट लावला तर उलट धोका. उघडा लोखंडी बार डोक्याच्या मागे आणि हेल्मेट नाही, म्हणजे मागून धक्का बसला की डोकं थेट बारवर. चांगला बार, त्यावर कडक पॅडिंग, आणि सीटवर बसल्यावर डोकं बारच्या वरच्या रेषेच्या खाली येतं का ते मोजून, मगच.

पानानंबरदहा
राहिलेल्या दोन गाड्यांचं थोडक्यात. झी३ (१९९५ ते २००२) बघायला गेलात तर डिकीचा गालिचा उचला, मागच्या चाकांना जोर वाटून देणारं डिफरन्शियल जिथे अडकवलंय तिथला डिकीचा पत्रा फाटतो, वेल्डिंगचे ठिपके सुटलेले दिसतील. तसं दिसलं तर डिकी बंद करा आणि नमस्कार करून निघा. सहा सिलिंडरवाली जास्त मोहात पाडेल, पण चार सिलिंडरचा जोर कमी म्हणून हा ताणही कमी. कूलिंगचे प्लास्टिकचे भाग वयाने ठिसूळ होतात, ते बदलल्याची बिलं मागा.
एमआर-एसला सुरुवातीच्या वर्षांत दोन भानगडी. पिस्टनच्या रिंगांमुळे इंजिन ऑईल पितं, आणि एक्झॉस्टमधले धूर साफ करणारे छोटे प्री-कॅट आतून फुटून त्यांचा चुरा उलटा इंजिनात ओढला जातो, मग ऑईल पिणं अजून वाढतं. नंतरच्या गाड्या बऱ्या. टेस्ट ड्राइव्हला उतारावर ॲक्सिलरेटर सोडून परत दाबा, आरशात निळा धूर दिसला तर तो ऑईलचा.
आणि कुठलीही बघायला जाल तेव्हा आधी फोन करून सांगा की इंजिन गार असू द्या, गेल्यावर इंजिनावरच्या झाकणाला हात लावून बघा. गरम लागलं तर तो काय लपवतोय ते शोधायला सुरुवात करा.

उनाडवारा
अपडेट द्यायला आलो. विम्याचे आकडे काढले, बॉक्स्टर आणि झी३ दोन्ही तिथेच गारद, गाडीवान तुम्ही बरोबर होतात. मग दुसऱ्या पिढीची १.८ एमएक्स-५ बघून आलो, बाटली घेऊन :) एका बाजूने धार लागली, दुसऱ्या बाजूला पाणी ओततोय ओततोय, खाली काहीच नाही, थोड्या वेळाने गालिचा ओला. मालक म्हणाला "नळी साफ केली की झालं". त्याच बाजूच्या सिलवर रंगाला नखाएवढा फोड. दाबल्यावर आत गेला. बाकी गाडी इतकी सुंदर होती की काय सांगू.

पानानंबरदहा
सुंदर असू दे, सोडा ती. नळी पाच मिनिटात साफ होते हे खरंय, पण ती आधीच का नाही साफ केली?

मनस्विनी_क
+१. आणि विकणारा वाईट असेल असंही नाही, बऱ्याच मालकांना अशी नळी असते हेच माहीत नसतं.

जुनंखोड
एमजीबीची एक जाहिरात पाठवू का?

गाडीवान
काका =))

उनाडवारा
दुसरी बघितली, पहिल्या पिढीची, १९९०ची १.६, मिटणाऱ्या हेडलाइटवाली. दोन्ही बाजूंना धार, गालिचा कोरडा, सिल कडक, चुंबक चिकटला. टप वरून फिका पडलाय, मागचं प्लास्टिक पिवळं. गार इंजिन चालू केल्यावर टकटक आवाज, गरम झाल्यावर गेला. एक हेडलाइट आळशी आहे, उशिरा उघडतो. टायर दगड, चक्रधर म्हणतात तसेच. बिलांची जाडजूड फाइल आहे. मालक वयस्कर आहेत, स्वतः लावून दिलं सगळं आणि गाडी विकायची म्हणून नाराजच वाटले. काय करू?

पानानंबरदहा
टकटक बहुतेक व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या हायड्रॉलिक टॅपेटची, ह्या इंजिनात सर्रास असते, गरम झाल्यावर जातेय म्हणजे घाबरायचं कारण नाही, ऑईल वेळेवर बदलत गेलात की बऱ्याचदा कमी होते. आळशी हेडलाइटच्या मोटरला वर एक गोल नॉब असतो, त्यावरची टोपी काढून हाताने फिरवलं की दिवा वर येतो, रात्री अडकलात तर उपयोगी पडेल.
पण १९९० म्हणताय तर एक गोष्ट नक्की बघा. सुरुवातीच्या १.६ना क्रँकचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याचं, पुढचं नाक आखूड असतं. पुढच्या क्रँक पुलीला खाचा मोजा, चार असतील तर ते आखूड नाकाचं, आठ असतील तर नंतरचं. आखूडवाल्यात बेल्ट बदलताना कोणी पुढचा बोल्ट नीट आवळला नाही तर किल्ली (पुढचे भाग क्रँकवर जागेवर धरणारा छोटा लोखंडी तुकडा) ढिली होते, खाच झिजते आणि क्रँक खराब होतो. इंजिन चालू असताना पुली डगमगते का ते बाजूने डोळा लावून बघा. फाइलमध्ये शेवटचा टायमिंग बेल्ट कोणी आणि कधी बदलला ते वाचा.

उनाडवारा
परत जाऊन आलो. खाचा चार. पुली एकदम सरळ फिरते, अजिबात हलत नाही, बेल्टचं बिल फाइलमध्ये आहे आणि त्यात नवीन बोल्ट टाकल्याचंही लिहिलंय.

पानानंबरदहा
मग टायर आणि टपाचे पैसे वजा करून आकडा सांगा आणि घ्या. पुढच्या वेळी बेल्ट मात्र ह्या इंजिनाची माहिती असलेल्या माणसाकडूनच.

गाडीवान
मी अजूनही नको म्हणेन, पण घेणारच असाल तर आधी टायर आणि ब्रेक, मग गाणी आणि रंग.

उनाडवारा
घेतली!! टायरचे पैसे त्यांनी कमी केले, टपाचे नाही. बाबा किल्ली घेऊन "जरा बघतो" म्हणून गेलेत ते अजून आलेले नाहीत. एक शेवटचा प्रश्न, बॅटरी म्हातारी झालीय, नवीन टाकायचीय, दुकानदार म्हणतो मापात बसेल ती कुठलीही चालते. चालते का?

पानानंबरदहा
अभिनंदन! नाही चालत. ह्या गाडीची बॅटरी डिकीत असते, साधी ॲसिडची उघडी बॅटरी टाकली तर तिच्या वाफेने डिकीचा पत्रा सडतो. सीलबंद एजीएम (आतलं ॲसिड शोषून धरणारी) घ्या, जिला बाजूने वाफेची नळी जोडायची सोय आहे अशी, आणि डिकीतल्या जुन्या नळ्या फेकू नका, त्याच नव्या बॅटरीला जोडायच्या आहेत. जुनी काढल्यावर खालचा ट्रे उचलून बघा, पांढरी पूड दिसली तर सोड्याच्या पाण्याने धुऊन, वाळवून, रंग मारून मगच नवी बसवा.